आजोबांची बादली

आठवीच्या सहामाहीत मी आजोबांना मारलं.

प्रश्न होता ‘वाक्यात उपयोग करा’ आणि वाक्प्रचार होता ‘टु किक द बकेट’. गाइडात समोर एका शब्दात अर्थ दिलेला: मरणे. आता वाक्य करायचं म्हणजे कुणीतरी जायलाच हवं. आई-बाबा नकोत, भाऊ शेजारच्याच वर्गात; वय बघता आजोबाच सोयीचे पडले. ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट संडे.’ पैकीच्या पैकी गुण. पुढच्याच आठवड्यात मी घरी विसरलेला डबा घेऊन आजोबा शाळेत आले आणि नेमका इंग्रजीच्या सरांनाच माझा वर्ग विचारला. सरांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि एवढंच म्हणाले, “या, बसा आजोबा. पाणी आणू का?”

बादलीला लाथ मारली की माणूस मरतो कसा, हे मात्र गाइडात नव्हतं. पुढे केव्हातरी कळलं, की फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ सालच्या गावरान इंग्रजीच्या कोशातही हा वाक्प्रचार आहे. तो आला कुठून, यावर अजून एकमत नाही. एक खुलासा असा, की इंग्लंडात काही भागांत कापायचं डुक्कर ज्या आडव्या लाकडाला टांगत, त्यालाच ‘बकेट’ म्हणत. जीव जाताना त्याचे पाय लाकडावर आपटत. म्हणजे आमच्या न्हाणीतल्या बादलीचा यात काही दोष नाही. आजोबांना हे मी सांगितलं नाही. डुकरापेक्षा बादली बरी.

मला स्वतःला ‘स्टीलिंग थंडर’ फार आवडतो. गाइडी अर्थ: दुसऱ्याचे श्रेय लाटणे. पण त्यामागे जॉन डेनिस नावाचा एक चिडका नाटककार उभा आहे. १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात त्याचं नाटक आलं. त्यासाठी त्याने ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली होती. नाटक आपटलं. काही दिवसांनी तिथेच ‘मॅकबेथ’ बघायला गेला, तर रंगमंचावर त्याचाच गडगडाट! आपलं नाटक बंद पाडलं आणि गडगडाट मात्र चोरला, म्हणून त्याने तिथेच आरडाओरडा केला म्हणतात. आज त्याचं नाटक कुणी करत नाही. तो आरडाओरडा मात्र तीनशे वर्षं चालू आहे.

मांजरं-कुत्री पाडणाऱ्या इंग्रजी पावसाला आम्ही वर्गात पोट धरून हसायचो. आपल्याकडे आभाळातून थेट मुसळं पडतात, हे तेव्हा एकालाही सुचलं नाही. आपल्या भाषेतलं आपल्याला विचित्र वाटतच नाही. त्यासाठी इंग्रजी माध्यमातलं मूल घरात असावं लागतं.

आमच्या घरात ते आहे. लेकीच्या मराठीच्या पेपरात गेल्या महिन्यात आलं, ‘राम म्हणणे’, वाक्यात उपयोग करा. तिने लिहिलं, ‘माझे आजोबा रोज सकाळी अंघोळ झाल्यावर राम म्हणतात.’

बाईंनी वाक्याखाली लाल रेघ ओढून शून्य दिलं होतं. बाबा चष्मा लावून तो पेपर कितीतरी वेळ बघत होते.

“पण यात चुकलं काय?” ते म्हणाले.