एक आणि सात

२८ मार्च २०२२, सोमवार. स्लीमा, माल्टा

काल दिवसभर नन्नांनी (म्हणजे आजीच, इथे असंच म्हणतात) बाल्कनीचं दार उघडू दिलं नाही. खाली समुद्राकाठच्या रस्त्यावरून लाल झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्नवर हात ठेवूनच चालल्या होत्या. लेबर पक्ष पुन्हा आला, रॉबर्ट अबेला पुन्हा पंतप्रधान. नन्ना जन्मापासून निळ्या. नॅशनॅलिस्ट पक्षाच्या.

मोजणी नाश्शारला चालते. पारदर्शक भिंतीपलीकडे पक्षांची माणसं मतपत्रिकांवर डोळे लावून टिपणं घेत उभी. अंदाज पक्का झाला की ती त्या भिंतीवर धडाधड थापा मारतात, आणि अधिकृत घोषणेआधीच देशाला निकाल कळतो. नन्नांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता. पण हात दिसतच होते.

मग १९८१ च्या निवडणुकीचं निघालं. दर आठवड्याला निघतंच. निळ्यांना ५०.९ टक्के मतं, तरी ६५ पैकी ३१ जागा. लेबरचे पंतप्रधान मिंटॉफ खुर्चीवर कायम. निळे खासदार वर्षभराहून जास्त संसदेत गेलेच नाहीत. शेवटी १९८७ मध्ये घटना बदलली: निम्म्याहून जास्त मतं ज्याची, त्याला बहुमताला लागतील तेवढ्या जागा वाढवून द्यायच्या. त्याच वर्षी पुन्हा ३१ आल्या, वर चार मिळाल्या. "एकतीस आणि चार," नन्ना बोटं मोजून दाखवतात, जणू मलाच पटत नाहीये.

आमच्याकडे एक बटण दाबलं की संपलं. इथे उमेदवारांपुढे पसंतीनं १, २, ३ असे आकडे लिहायचे. नन्नांचा हात थरथरतो, त्यांचा ७ हुबेहूब १ दिसतो. शुक्रवारी प्रचार बंद, सगळीकडे चिडीचूप, आणि ही बाई औषधाच्या पावतीमागे आकडे गिरवत बसलेली. पंचवीसेक सात तरी काढले असतील. मी म्हटलं, सहापर्यंतच लिहा ना. तर माझ्याकडे असं बघितलं!

मतदान ८५.६ टक्के. टीव्हीवर सुतकी चेहरे, कारण मागच्या वेळी ९२ होतं. मला हसू आलं, मग गिळलं. माझं नाव नाशिकच्या यादीत आहे. २०१९ ला ड्यूटी होती म्हणून गेले नाही. खरं तर ड्यूटी दुपारी दोनला संपली होती.

इथे आता सोळाव्या वर्षापासून मत देता येतं. नन्नांचा नातू सतराचा. शनिवारी तो उठलाच नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सांग, झोपल्यात."

समोर टक्क जाग्या बसल्या होत्या, गोळीचा डबा मांडीवर.