तुम्ही विचारलंत म्हणून : त्याचा हात तिथेच संपला का?

दक्षिण कोरियातला बेसबॉलचा पिचर, म्हणजे गोलंदाज, चोई दोंग-वॉन याच्या १९८४ सालच्या दहा दिवसांची गोष्ट मी ज्यांना सांगतो, ते सगळे शेवटी एकच विचारतात. "एवढं बोलिंग केल्यावर त्या माणसाचा हात तिथेच कामातून गेला असेल ना?" विचारणारे क्रिकेट बघत मोठे झालेले असतात. वेगवान गोलंदाजाचा खांदा काय सोसतो ते त्यांना माहीत असतं, त्यामुळे विचारतात ते कळवळ्यानेच. चहाच्या टेबलावर दोन वाक्यांत दिलेल्या उत्तराने माझं कधी समाधान झालं नाही. म्हणून आज नीट लिहितो.

दक्षिण कोरियातल्या बुसान बंदराजवळ गोजे नावाचं बेट आहे. तिथल्या जहाजबांधणीच्या यार्डात मी तीन वर्षं कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी बुसानला साजिक स्टेडियमवर बेसबॉल बघायला जायचो. फटकावलेला चेंडू प्रेक्षकांत आला की सगळं स्टेडियम ओरडतं, "आ जुरा!" म्हणजे 'पोराला दे'. ज्याने चेंडू झेललेला असतो तो जवळच्या अनोळखी पोराच्या हातात ठेवतो. मी शिकलेला बुसानी बोलीतला हा पहिला शब्द. स्टेडियमच्या बाहेर चेंडू टाकतानाचा एक पुतळा आहे. आमच्या यार्डातला एक वयस्कर फोरमन मला तिथे घेऊन गेला, टोपी काढून उभा राहिला आणि मग बोलायला लागला. १९८४ मध्ये तो शाळेत होता.

पुतळा चोई दोंग-वॉनचा. जन्म १९५८, बुसानचाच पोरगा, तिथल्याच क्योंगनाम हायस्कूलमध्ये शिकलेला. कोरियातली व्यावसायिक लीग १९८२ साली सुरू झाली आणि १९८३ मध्ये तो आपल्या गावच्या लॉटे जायंट्स संघात आला. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या नावावर ९ विजय, १६ पराभव. दुसऱ्या वर्षी मात्र त्याने २७ सामने जिंकून दिले. १०० सामन्यांच्या हंगामात संघाने जेवढे सामने जिंकले त्यातले निम्म्याहून जास्त या एकट्याच्या नावावर आहेत. त्या वर्षी त्याने २२३ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू फटकावू न देता बाद केलं. एका हंगामातला हा विक्रम २०२१ पर्यंत टिकला.

तेव्हा हंगामाचे दोन भाग असायचे आणि दोन्ही भागांचे विजेते अंतिम मालिकेत भिडायचे. पहिला भाग देगूच्या सॅमसंग लायन्सने जिंकला होता. अंतिम मालिकेत ओबी बेअर्सपेक्षा लॉटे समोर आलेले बरे, असा हिशेब करून त्यांनी हंगामाच्या शेवटी लॉटेविरुद्धचे सामने उघड उघड सोडून दिले आणि दुसरा भाग लॉटेने जिंकला. बुसानची माणसं हे अजून विसरलेली नाहीत.

मालिका सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता. लॉटेचे प्रशिक्षक कांग ब्योंग-चोल यांनी चोईला सांगितलं की पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा सामना तूच टाकायचा. हे फार होतंय, असं तो म्हणाला. त्यावर दोघांत जे बोलणं झालं ते बुसानमध्ये लहान पोरांनाही पाठ आहे. ती बोली सोलच्या भाषेहून रांगडी आहे. मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला ती आमच्याकडच्या बोलीतच ऐकू येते :

"दोंग-वॉन, काय करायचं रं? हितवर आलोय न्हवं."

"बरं. बघूया की मग करून."

पहिल्या सामन्यात त्याने सॅमसंगला एकही धाव दिली नाही, ४-० ने जिंकला. तिसऱ्यात १२ स्ट्राइकआउट, ३-२. पाचवा पूर्ण टाकला आणि २-३ ने हरला. आता सॅमसंगला एकच विजय हवा होता. सहाव्या सामन्यात खरं तर त्याला विश्रांती होती, पण सुरुवातीच्या पिचरच्या बोटाला फोड आला आणि हा मधेच मैदानात उतरला. पाच इनिंग (सामन्यात अशा नऊ असतात, प्रत्येकीत समोरचे तीन फलंदाज बाद करायचे) टाकून तो सामनाही त्याने जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, म्हणून त्याला एक दिवस मिळाला. त्या पावसाबद्दल बोलताना फोरमनचा आवाज हळू झाला होता. ९ ऑक्टोबरला सोलच्या जामसिल मैदानावर सातवा सामना. चोईच्या चेंडूंत पहिल्यासारखा जीव राहिलेला नव्हता, सॅमसंगने ४ धावा काढल्या होत्या. आठव्या इनिंगमध्ये लॉटे ३-४ असे मागे असताना लॉटेच्या यू दू-योलने तीन धावांचा होम रन मारला, आपल्या षटकारासारखा. त्या मालिकेत यूची बॅट तोवर जवळजवळ गप्पच होती. ६-४. शेवटचा फलंदाजही चोईनेच स्ट्राइकआउट केला आणि तो कॅचरच्या, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाच्या, अंगावर झेपावला.

लॉटेचं ते पहिलं विजेतेपद. चारही विजय चोईचे. दहा दिवसांत ४० इनिंग, ६१० चेंडू. आपल्या हिशेबाने १०१ षटकांहून जास्त, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी.

आता तुमचा प्रश्न. नाही, हात तिथे संपला नाही. १९८५ मध्ये त्याने २० सामने जिंकले, १९८६ मध्ये १९. त्या १९८६ मध्ये नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.५५ धावा दिल्या, १९८४ पेक्षाही कमी. १९८७ च्या मे महिन्यात हायताई टायगर्सचा पिचर सन दोंग-योल याच्यासमोर तो १५ इनिंग उभा राहिला. त्या दिवशी त्याने २०९ चेंडू टाकले, समोरच्याने २३२, आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. एका माणसाकडून एवढं करवून घेणं चूकच होतं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण चोईचं पुढे जे झालं ते त्या ६१० चेंडूंमुळे झालं, असं म्हटलं की खरी गोष्ट झाकली जाते. म्हणून मला हे उत्तर लांबवावं लागतं.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये हायताईचा एक पिचर मोटार अपघातात गेला. खेळाडूच्या मागे त्याच्या घरच्यांना आधार देणारी काहीच व्यवस्था तेव्हा नव्हती. चोई लीगमधल्या सर्वाधिक पैसे मिळवणाऱ्यांपैकी एक होता, त्याला स्वतःला काही कमी नव्हतं. तरी कमी पगाराच्या, राखीव खेळाडूंसाठी संघटना हवी म्हणून तो पुढे झाला. सप्टेंबरमध्ये वेगवेगळ्या संघांतले खेळाडू जमलेही. यात पुढाकार घेणाऱ्यांशी आम्ही करार करणार नाही, असं क्लबांनी जाहीर केलं आणि संघटना उभी राहण्याआधीच मोडली. नोव्हेंबरमध्ये लॉटेने चोईला देऊन टाकलं, तेही सॅमसंगला. बदल्यात जे खेळाडू घेतले त्यांत किम सी-जिन होता, १९८४ च्या मालिकेत चोईच्या समोर चेंडू टाकणारा पिचर.

सॅमसंगकडे दोन वर्षांत मिळून त्याचे ७ विजय झाले आणि १९९० मध्ये तो थांबला, ३२ व्या वर्षी. हात थकलेला होताच. पण मी ते आकडे बघतो तेव्हा मला दुसरंच दिसतं. ज्या गावासाठी 'बघूया करून' म्हणाला ते गावच त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

१९९१ मध्ये तो बुसानच्या स्थानिक निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. टीव्हीवर दिसला, समालोचन केलं, पुढे हानव्हा ईगल्समध्ये प्रशिक्षक झाला. लॉटेच्या डगआउटमध्ये तो परत कधीच बसला नाही. खेळाडूंची संघटना २००० साली उभी राहिली, त्याच्या प्रयत्नानंतर बारा वर्षांनी. जुलै २०११ मध्ये शाळेच्या जुन्या खेळाडूंच्या सामन्याला तो आला तेव्हा आतड्याच्या कॅन्सरने इतका वाळला होता की लोकांना ओळखू येईना. १४ सप्टेंबरला गेला. वय ५३.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला लॉटेने त्याचा ११ नंबर कायमचा निवृत्त केला. १९८४ ची ती मालिका ३० सप्टेंबरलाच सुरू झाली होती. फोरमन हे सांगताना रडला, आणि मलाही कोरियन शब्द सुचेनात. २३ वर्षं त्याला घरी बोलवायला वेळ होता.

पुतळा २०१३ मध्ये बसवला. अनावरणाच्या दिवशी त्याची आई आली होती. ती पुतळ्याला कुरवाळत असलेला फोटो मी जपून ठेवला आहे.