रेतिचेल्लो: दोऱ्यांची जाळी, हवेचे मणी

मुरानोची काच म्हटलं की लोक आधी रंगीत फुलांच्या मिलेफिओरीकडे बघतात. कारागिराचा खरा कस मात्र रेतिचेल्लोत लागतो. पारदर्शक काचेत पांढऱ्या दोऱ्यांची तिरकी जाळी असते आणि तिच्या प्रत्येक घरात हवेचा एकच बारीक बुडबुडा. हे बुडबुडे कुणी एकेक करून भरत नाही.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. पीळदार दोऱ्यांच्या काचेसाठी तिथल्या सेरेना बंधूंनी १५२७ मध्ये सरकारकडे हक्क मागितला. रेतिचेल्लोही त्याच शतकातलं.

सुरुवात कांड्यांपासून होते. लोखंडी सळईवर दुधी काचेचा, म्हणजे लाट्टिमोचा गोळा घ्यायचा, लोखंडी पाट्यावर लाटून दंडगोल करायचा आणि त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवायचा. दुसरा कारागीर समोरच्या टोकाला आपली सळई चिकटवतो आणि दोघे एकमेकांपासून लांब चालत जातात. जो भाग बारीक होतो तो आधी थंड होऊन घट्ट होतो, मग जाड, गरम भाग ताणला जातो. त्यामुळे कांडी बरीचशी एकसारखी निघते. घाईने ओढली की मात्र मधेच केसासारखी होते.

आता हिशेब. ५ मिलिमीटर जाडीच्या ४० कांड्या शेजारी-शेजारी मांडल्या की रुंदी २०० मिलिमीटर. फुंकणीच्या टोकावरच्या काचेच्या कड्याचा घेर तेवढाच हवा, म्हणजे व्यास साधारण ६४ मिलिमीटर. कडं लहान पडलं तर कांड्या एकमेकींवर चढतात, मोठं झालं तर शिवणीत फट राहते, आणि ती शेवटपर्यंत दिसते. कांड्या तापवून एकमेकींना चिकटल्या की कडं त्यांच्यावरून फिरवून त्या गुंडाळून घ्यायच्या आणि नळीचं खालचं तोंड चिमट्याने मिटवायचं. मग ते टोक धरून ठेवायचं आणि फुंकणी फिरवत पीळ द्यायचा. सगळीकडे उष्णता सारखी नसेल तर गरम भाग जास्त पिळला जातो आणि रेषा एका बाजूला दाटतात.

असे दोन फुगे लागतात, एक उजव्या पिळाचा, दुसरा डाव्या. पहिल्याचं तोंड उघडून त्याचा पेला करतात आणि तो तापलेलाच ठेवतात. दुसरा त्यात उतरवून फुंकतात. कांड्या गोल असल्याने दोन्ही पृष्ठभागांवर उभार असतात. उलट दिशांचे उभार जिथे एकमेकांना छेदतात तिथे काच आधी चिकटते आणि चार चिकटबिंदूंमधल्या खळग्यात हवा कोंडली जाते. काच मऊ असेपर्यंत पृष्ठताण त्या हवेला गोलसर आकार देतो. सगळी करामत एवढीच, पण क्षणाची चूक खपत नाही.

आतला फुगा जास्त तापला असेल तर उभार विरघळून सपाट होतात. मग जाळी दिसते, बुडबुडे नाहीत. पेला थंड पडला असेल तर आत गरम काच गेल्याबरोबर तडकतो. फुगा आधी बुडाला न टेकता बाजूला टेकला, तर खाली हवेचा मोठा पोकळ डाग अडकतो. तो पुढे फुंकून निघत नाही, उलट वस्तूबरोबर फुगतो. दोन फुग्यांचा पीळ कमी-जास्त झाला, तर घरं एका बाजूला कलतात.

यानंतर वस्तूला हवा तो आकार देतात. रुंद पोटाशी घरं मोठी आणि निमुळत्या मानेशी बारीक होतात, हा दोष नव्हे. शेवटी सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून वस्तू सावकाश निववतात. दुधी आणि पारदर्शक काच थंड होताना सारख्या प्रमाणात आकसली नाही तर इथेही घात होतो, कधीकधी वस्तू कपाटात ठेवल्यावर.

विकत घेताना आधी वस्तू उलटी करून बूड बघा. सगळे दोरे एका बिंदूत मिळायला हवेत. तिथे गाठ किंवा पांढरा थोपा असेल तर वरची जाळी कितीही देखणी असो, हात कच्चा आहे. मग भिंग लावून सलग दहा-बारा घरं तपासा. बुडबुड्यांचा आकार हळूहळू बदलला तर चालतं, मधेच गायब झालेले चालत नाहीत. व्हेनेतो प्रदेशाच्या १९९४ च्या कायद्यातून आलेलं ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह वस्तू त्या बेटावर बनल्याची खात्री देतं. जाळी कशी जमली आहे, ते तुमचं तुम्हालाच बघावं लागतं.