गोळी नक्की कुठे लागली?

आज आमच्या शेरलॉक होम्सप्रेमींच्या बैठकीला मैत्रीण लंगडत आली. पाय मुरगळला होता. पण 'काय झालं गं?' असं एकानेही विचारलं नाही. सगळे एका सुरात ओरडलो, "अगं, गोळी तर खांद्याला लागली होती ना!" ती दारातच भिंतीला धरून हसत सुटली.

शेरलॉक होम्सवाल्यांना कळलंच असेल. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत होम्सच्या मित्राला, डॉ. वॉटसनला, गोळी लागते खांद्याला. १८९० च्या दुसरीत जखम थेट पायात! मग काय, वाद रंगला. आमच्यातल्या डॉक्टरबाईंनी कागदावर उकिडवा बसलेला वॉटसन काढला, खांद्यातून पायापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "एकाच गोळीत दोन्ही. बसतंय बघा!" किती मन लावून काढलं होतं ते चित्र! मी जपून ठेवलंय.

शिवाय जॉन वॉटसनला त्याची बायको एका कथेत 'जेम्स' म्हणते. डोरोथी सेयर्स या लेखिकेने त्यावर तोडगा काढला: मधलं नाव 'हॅमिश' असणार, म्हणजे जेम्सचंच स्कॉटिश रूप. तेव्हा आमच्यात ज्याला कोणी चुकीच्या नावाने हाक मारतं, तो त्या दिवसापुरता हॅमिश. आजची हॅमिश मी.

निघताना मैत्रिणीला आधार देत जिना उतरत होते. मध्येच थांबून म्हणाली, "सतरा झाल्या की सांग हं." होम्सच्या घराला सतरा पायऱ्या, आमच्याकडे चौदाच. उरलेल्या तीन आम्ही अंगणात मोजल्या.