उतरायचं मनसरला, चढायचं नगरधनला

मोटार घेऊन रानात फिरायला गेलेल्या माणसाची एक पंचाईत असते. कितीही लांब गेला तरी त्याला शेवटी मोटारीपाशीच परत यावं लागतं. ती कुठल्या तरी पळसाखाली उन्हात उभी असते, आणि हा टेकडीच्या माथ्यावरून पलीकडचं तळं बघत हिशेब करत बसतो, की खाली उतरावं का नको, उतरलो तर पुन्हा चढून इकडेच यायचंय. एसटीनं गेलेल्याला हा हिशेब नाही. एका फाट्यावर उतरायचं, चालत सुटायचं आणि भलत्याच गावाहून गाडी पकडायची. मागे काही ठेवलेलंच नसतं.

आम्ही दोघी मैत्रिणी नागपूरच्या. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमचं हे चालतं. पुढे नाही, कारण पुढे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा विदर्भात हौसेनं चालणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतील, आणि योग्यच करतील.

पुण्या-नाशकाकडची मंडळी आम्हाला विचारतात, तुमच्याकडे चढायला आहे काय? मेळघाटातला गाविलगड आहे, अकोटजवळचा नरनाळा आहे. पण नागपूर-भंडाऱ्याकडे खरंच फारसं काही नाही. सपाट मुलूख. धानाच्या बांध्या, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारांचे जुने तलाव, कालव्याची पाळ, पांदण म्हणजे शेतांमधली वाट आणि मधूनच एखादी टेकडी, जिच्यावर हमखास देऊळ असतं. दम लागत नाही, त्यामुळे बोलत चालता येतं, हा फायदा डोंगरवाल्यांना कळायचा नाही.

जंगलाचं मात्र वेगळं. पेंच, ताडोबा, मेळघाट ही नावं ऐकून कुणी पायी निघू नये. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात मनाला येईल तसं पायी हिंडता येतच नाही, आणि बाहेरच्या गावांतही पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर वाघानं हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. त्यांना पोटासाठी जावं लागतं. आपण शेताशेतांतून चालावं.

आमची सगळ्यात आवडती वाट मनसर ते रामटेक ते नगरधन. नागपूरहून रामटेकला जाणारी एसटी जबलपूर रस्ता मनसरला सोडते, आणि आम्ही तिथं एसटीला सोडतो. कंडक्टरला हे पटत नाही. ‘तिकीट रामटेकचं घ्या न ताई, थोड्याच पैशाचा फरक हाय.’ पण मनसरला तलावाच्या काठी हिडिंबा टेकडी आहे. तिच्या पोटातून उत्खननात विटांचं एवढं बांधकाम निघालं, की वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरपूर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. शेजारी मँगनीजची खाण. दीड हजार वर्षांपूर्वीचं खणकाम आणि आजचं खणकाम एकाच गावात.

तिथून रामटेक पाच-सात किलोमीटर. नोव्हेंबरात गेलं तर धान कापणीला आलेलं असतं, डिसेंबरात बांध्यांमध्ये लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीची, बारीक निळी फुलं असतात आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तूर उभी. लाखोळी धान उभं असतानाच त्याच्या पायाशी फेकून पेरतात. जमिनीतल्या उरल्या ओलीवर ती वाढते, नांगर नाही, पाणी नाही. एसटीच्या खिडकीतून हे सगळं नुसतं हिरवं दिसतं.

रामटेकची टेकडी बरेच जण मागच्या डांबरी रस्त्यानं गाडीतून चढतात. आम्ही अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असं गावात कुणालाही विचारा. वर नरसिंहाची दोन देवळं आहेत, वाकाटकांच्या काळातली, आणि गर्दी सगळी रामाकडे असल्यामुळे तिथं निवांत बसता येतं. एक दगडी वराह आहे, त्याच्या पोटाखालून पापी माणूस सरपटून जाऊ शकत नाही म्हणतात. माझी मैत्रीण त्याच्याकडे नुसतं बघते आणि पुढे जाते. माकडांबद्दल इतकंच सांगते, की डबा तिथं उघडायचा नाही.

खाली उतरून दक्षिणेकडे नगरधनची वाट. हेही वाकाटकांचं. नंदिवर्धन नावाची त्यांची राजधानी इथं होती. काही वर्षांपूर्वीच्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा इथं सापडली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, आणि मनसरच्या त्या दुसऱ्या प्रवरसेनाची आई. नवरा वारल्यावर मुलं लहान म्हणून हिनं राज्य चालवलं. म्हणजे सकाळी मुलाच्या गावी उतरायचं आणि संध्याकाळी आईच्या गावाहून गाडी धरायची. मोटारवाले ही दोन ठिकाणं दोन वेगळ्या रविवारी बघतात.

रविवारावरून आठवलं. एसटीनं चालायला जायचं तर रविवारी जाऊ नये. आडगावच्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या पोरांसाठी असतात. मानव विकासच्या त्या निळ्या गाड्या तर मुलींच्या शाळा-कॉलेजासाठीच दिलेल्या. शाळा बंद की त्या बंद, आणि हे स्टँडवरच्या बोर्डावर कुठंही लिहिलेलं नसतं. बोर्डावर मुळात जे लिहिलेलं असतं ते कोणत्या साली रंगवलं, हाच संशोधनाचा विषय आहे. खरी माहिती स्टँडवरच्या खिडकीत बसणाऱ्या कंट्रोलरकडे. त्याला ‘गाडी कितीला आहे?’ असं विचारायचं नाही. ‘काल कितीला आली होती?’ असं विचारायचं. तो मान वर करून बघतो, बाई माहितगार दिसते असं त्याला वाटतं, आणि मग तो सगळं सांगतो. कोणती गाडी बाजाराच्या दिवशी भरून जाते, कोणती फाट्यावरूनच वळते, कोणती मुक्कामी.

मुक्कामी गाडी ही फार सोयीची चीज आहे. ती संध्याकाळी गावात येते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि उजाडायच्या आत निघते. चालणाऱ्यानं ती येतानाची धरून उपयोग नाही, पण गावात ओळख असेल तर एक रात्र राहून पहाटेची धरता येते. त्या गाडीत दूध असतं, भाजी असते, तालुक्याला तारखेसाठी निघालेला एक वैतागलेला माणूस असतो. ड्रायव्हर-कंडक्टरची झोपायची सोय गावात बरी असतेच असं नाही, हे मात्र लाजिरवाणं आहे. १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली, एवढ्या वर्षांत हे नीट व्हायला हवं होतं.

रस्त्यानं चालणाऱ्या दोन बायका बघितल्या की गावात सगळ्यांचा प्रश्न एकच. ‘काहून जी ताई, गाडी सुटली का?’ आम्ही सांगतो, नाही, पायदळच चाललो. यावर विश्वास बसत नाही. नगरधनच्या अलीकडे एक आजी धुऱ्यावर तुरीच्या शेंगा तोडत होत्या. त्यांनी आम्हाला थांबवलंच.

‘गाडी येते न आत्ता. कायले तंगड्या तोडता?’

‘आवडतं म्हणून, आजी.’

‘आता तं अर्धं तिकीट हाय बायाइले,’ त्या म्हणाल्या. मार्च २०२३ पासून आहे, त्याआधी पूर्ण होतं. त्याच्याही आधी आजींच्या हिशेबात तिकीटच नव्हतं. बाजार पायदळ, माहेर पायदळ, रामटेकची त्रिपुरीची जत्रा पायदळ, डोक्यावर गाठोडं आणि कडेवर पोर. अर्धं तिकीट सुरू झाल्यापासून त्या दर आठवड्याला काही ना काही काम काढून रामटेकला जातात, हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मग आमच्या ओंजळीत शेंगा टाकल्या आणि नाल्याच्या बाजूनं जाणारी पांदण दाखवली. डांबरी रस्त्यानं वळसा पडत होता. जवळची वाट त्यांना पक्की ठाऊक होती, पण स्वतः त्या आता तिकडून जात नाहीत.

नगरधनच्या किल्ल्यात जमिनीखाली देवीचं ठाणं आहे. तिथं थंडगार असतं आणि वेळेचं भान राहत नाही, म्हणून एक जण वर थांबायचं असा आमचा नियम. मैत्रिणीनं वरून हाक मारली, ‘ये लवकर, धूळ दिसून राहिली.’ धूळ दिसली म्हणजे गाडी असेलच असं नाही. ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, गाडी यायचीच आहे, बसा. गाडी आली तेव्हा तिच्यात उभं राहायलाही जागा नव्हती, आणि कंडक्टरनं ‘सरका न बाप्पा जरा’ म्हणत दोघींना आत घेतलं.

आता पवनी डोक्यात आहे. वैनगंगेचा काठ, जुन्या कोटाची भिंत, बौद्ध स्तूपाचे अवशेष. जायचं उमरेड-भिवापूर रस्त्यानं, आणि परत भंडाऱ्यावरून. मधल्या एका फाट्यावर उतरून चालायचं तर गाडी तिथं थांबते का, हे विचारायला मी परवा स्टँडवर गेले होते. कंट्रोलरनं चष्मा वर केला. ‘थांबते,’ तो म्हणाला, ‘पण तिथं उतरून करता काय?’