अव्हर्ट म्हणजे नुसतं टाळणं नाही

मुलांच्या पेपरात "आय अव्हर्टेड माय होमवर्क" असली वाक्यं येतात, कारण डिक्शनरीत अव्हर्टसमोर "टाळणे" लिहिलेलं असतं आणि अवॉइडसमोरही तेच, मग पोरांनी तरी काय करायचं? पण दोघांत खूप फरक आहे हो. अवॉइड करताना आपण बाजूला होतो, आणि अव्हर्टमध्ये अंगावर येणारं संकटच बाजूला वळवायचं असतं, म्हणजे ते आधी निघालेलं हवं, येऊ घातलेलं हवं. लॅटिनमध्ये व्हर्टेरे म्हणजे वळवणं, आणि त्याआधीचा "अ" म्हणजे दूर. हायवेवर जागोजागी दिसणाऱ्या डायव्हर्जनच्या बोर्डातही हेच व्हर्टेरे आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या रुळांवर दगड आले, गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. तो अपघात अव्हर्ट झाला नाही. पावसाळ्यात भर रात्री पेट्रोलमन हातात बत्ती घेऊन कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेतून, रूळ बघत चालत जातो, त्याला दरड दिसली आणि त्याने लाल बत्ती दाखवून येणारी गाडी थांबवली, तर "द पेट्रोलमन अव्हर्टेड अ डिझास्टर" हे वाक्य शंभर टक्के बरोबर. आणि एखाद्याने पावसाच्या भीतीने तिकीटच काढलं नाही तर त्याने प्रवास अवॉइड केला, अव्हर्ट नाही. हे एवढं कळलं ना की मुलं पुन्हा चुकत नाहीत, मला तरी हाच अनुभव आहे.

आणि गाऱ्हाणं घालताना "जी काय इडापिडा असात ती दूर कर रे म्हाराजा" म्हणतात नि सगळे "व्हय म्हाराजा" करतात, तिथे देवाकडे जे मागतो ते अव्हर्टच की! इतकं जवळचं उदाहरण सोडून गाइडमधली वाक्यं कशाला पाठ करायची.

व्याकरणात एक लक्षात ठेवा, अवॉइडपुढे आयएनजीवालं क्रियापद चालतं, "अवॉइड ड्रायव्हिंग ॲट नाइट", पण अव्हर्टपुढे ते येत नाही, तिथे नाम लागतं, क्रायसिस, स्ट्राइक, वॉर असं काहीतरी.

डोळ्यांचा वापर मात्र वेगळा. "शी अव्हर्टेड हर आइज" म्हणजे तिने नजर वळवली, लाजेने, किळसेने किंवा समोरच्याचं दुःख बघवत नाही म्हणूनही. इथे समोरची गोष्ट जागच्या जागी राहते, फिरते ती फक्त नजर, आणि कशावरून ते सांगायला पुढे फ्रॉम लावायचा.