जवसाच्या दोऱ्यांचा मंडप आणि माझी छत्री

जर्मनीत फ्रायबुर्गला उतरलो तेव्हा आभाळ गच्च भरलेलं, आणि सोबतचा मित्र, सिव्हिलवाला, म्हणजे सिमेंट सोडून बाकी सगळ्यावर संशय, स्टेशनपासूनच कुरकुरत होता की एक मंडप बघायला कोण एवढ्या लांब येतं. मी येते. इथल्या विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये २०२१ ला लिव्हमॅट्स पॅव्हिलियन (लिव्हमॅट्स हे इथल्याच विद्यापीठातल्या संशोधन गटाचं नाव) उभा राहिला, भार पेलणारा अख्खा सांगाडा जवसाच्या वाखाचा. स्टुटगार्ट विद्यापीठातले आर्किटेक्ट आखीम मेंगेस आणि इंजिनियर यान क्निपर्स यांच्या टीमनं फ्रायबुर्गवाल्यांबरोबर केलेला. फोटो बघून बघून एकदा हात लावायचाच होता.

गेटातून आत शिरलो आणि पाऊस आला, म्हणून आधी निवडुंगांच्या काचघरात घुसलो, ते बरंच झालं, कारण पॅव्हिलियनची मूळ आयडिया निवडुंगाचीच आहे, सग्वारो आणि फड्या निवडुंग. फड्या वाळला की गर सडून जातो आणि आत लाकडाची जाळी उरते, थरावर थर, एकमेकांत गुंतलेले, वजनाला काहीच नाही पण मोडायला गेलं तर दम काढते.

पॅव्हिलियनमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा टोपलीत आल्यासारखं वाटतं. तपकिरी दोऱ्यांच्या १५ फासळ्या वर जाऊन एकत्र येतात आणि बाहेरून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं, कवच. एकेक फासळी साडेचार ते साडेपाच मीटर लांब, वजन सरासरी १०५ किलो, सगळा सांगाडा मिळून दीडेक टन, आणि खाली जागा ४६ चौरस मीटर. "एकशे पाच? अगं पाच मीटरचा साधा बीम टनाच्या वर जातो," इति मित्र, आणि मग बराच वेळ गप्प.

हे बनवतात कसं तर साचा नाहीच. एका फ्रेमवर पिना, त्यांच्याभोवती रोबो रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेला दोरा गुंडाळत जातो, आधीचे दोरे हवेत ताणलेले असतात, नंतरचे त्यांच्यावर दाब देतात आणि त्या ओढाताणीतूनच तो बाक येतो. साचा नाही म्हणून टाकाऊ माल जवळपास शून्य. फासळीच्या टोकाशी वाकून बघितलं तर दोरा पिनेला वळसा घालून परत फिरलाय ते स्पष्ट दिसतं, खाटेच्या सुंभासारखं. एके ठिकाणी रेझिनचा थेंब ओघळता ओघळता सुकून डिंकासारखा झालेला. बहुतेक हात लावायचा नसतो. मी लावला. वर गुळगुळीत, पण नखानं चाचपलं की खालचा पीळ लागतो.

त्या थेंबाकडे बघून मित्र म्हणाला, "वाख शेतातला, मान्य. पण हा डिंक कुठला?" आणि तिथे माझी बोलती बंद, कारण अशा मालात दोरा वनस्पतीचा असला तरी त्याला धरून ठेवणारं रेझिन बहुतेक वेळा पेट्रोलियममधूनच आलेलं इपॉक्सी असतं, पूर्ण जैविक रेझिन अजून सर्रास वापरात नाही, आणि एकदा ते कडक झालं की दोरा आणि रेझिन वेगळं करणं महाकठीण. वरून जवसाला पाणी आवडतं, दमट झाला की फुगतो आणि रेझिनशी पकड सुटते, म्हणून ते पॉलिकार्बोनेट. म्हणजे झाडाच्या मंडपाला प्लास्टिकचा रेनकोट! तरी अशा कामात एरवी वापरतात त्या काचेच्या धाग्यापेक्षा मला हा परवडला, काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, जवसाची दीडपट, आणि पीक दरवर्षी परत येतं, ताटं शेतातच दवावर कुजवून वाख काढता येतो.

मग मित्रानं ट्रॅबंट गाडीचा विषय काढला. पूर्व जर्मनीची, १९५७ पासूनची, तिच्या बॉडीचे बाहेरचे पत्रे टाकाऊ कापूस आणि फिनॉल रेझिनचे होते, गंजायचे नाहीत, पण भंगारात गेल्यावर त्या पत्र्यांचं काय करायचं ते कुणाला कळेना. "तुझा मंडप तरी निदान टिकवायचा कितीसा?" अंदाजे पाच वर्षं, असं डिझाइन करतानाच धरलेलं. यावर तो जे हसला ते मी इथे लिहीत नाही.

पाऊस थांबल्यावर गेटापर्यंत आलो आणि आठवलं, छत्री आतच. पळत परत गेले तर दार बंद, आत कुणी नाही. बाहेरून पॉलिकार्बोनेटमधून दिसत होती, तिसऱ्या फासळीला टेकवलेली, खाली पाण्याचं थारोळं साचलेलं.